आईबापांचा सांभाळ : धम्म आणि कायदा

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



वर्धापन दिनाला साधारणपणे विहाराच्या इतिहासावर किंवा चळवळीवर बोलण्याची रीत आहे. तो विषय माझ्या आधीच्या वक्त्यांनी चांगला मांडला. मी महसूल खात्यात नोकरी केली आणि शेवटची काही वर्षे प्रांत कार्यालयात काढली. तेव्हा समितीने मला सांगितले, "साहेब, तुम्ही म्हाताऱ्या माणसांच्या कायद्यावर बोला. आपल्या वस्तीत त्याची गरज आहे." गरज आहे हे ऐकून वाईट वाटते, पण खोटे नाही. समोर पहिल्या दोन रांगांत आपले जे आजी-आजोबा बसले आहेत, त्यांच्यासाठी आणि मागे उभ्या असलेल्या तरुणांसाठी, दोघांसाठीही मी बोलणार आहे.

सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. आईबापांना सांभाळा, हे सांगायला सरकारचा कायदा कशाला लागतो? पुष्कळ लोक असे म्हणतात की, पूर्वी असे नव्हते, ही आताच्या पिढीची करणी आहे. बंधूंनो, हे काही खरे नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीची गोष्ट संयुत्त निकायात आहे. एक श्रीमंत ब्राह्मण फाटक्या वस्त्रांत भगवान बुद्धांकडे आला. भगवंतांनी विचारले, असा अवतार का? तो म्हणाला, मला चार मुलगे आहेत, आपापल्या बायकांशी मसलत करून त्यांनी मला घराबाहेर काढले. आता बघा, इथे बुद्धांनी काय केले? हे तुझ्या मागच्या जन्माचे फळ आहे, गप्प सोस, असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी त्याला काही गाथा शिकवल्या आणि सांगितले की, सभा भरलेली असेल, तुझे मुलगेही तिथे बसलेले असतील, तेव्हा या गाथा म्हण. त्या गाथांचा आशय असा की, अशा मुलांपेक्षा हातातली काठी बरी. ती अंगावर येणारा बैल हाकलते, कुत्रे हाकलते, अंधारात पुढे चालते, पाण्याची खोली सांगते. म्हाताऱ्याने भर सभेत ते म्हटले. मुलांनी त्याला घरी नेले, अंघोळ घातली आणि प्रत्येकाने वस्त्रांची जोडी दिली.

या गोष्टीत मला दोन बोध दिसतात. पहिला, मुलांनी आईबापांना टाकणे हा आजचा रोग नाही. दुसरा जास्त महत्त्वाचा. अन्याय झाला तर म्हाताऱ्या माणसाने तोंड दाबून बसू नये, सभेपुढे बोलावे, ही बुद्धांची शिकवण आहे. त्या काळी सभा होती, आज तिच्या जागी न्यायाधिकरण आहे. फरक एवढाच.

सिगाल सुत्त आपल्याला ठाऊक आहे. ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करणाऱ्या सिगालाला भगवंतांनी सांगितले की, पूर्व दिशा म्हणजे आईबाप. मुलाची जी पाच कर्तव्ये त्यात सांगितली आहेत, त्यांत एक आहे, वारसाला लायक होणे. वारसा जन्माने आपोआप मिळतो असे नव्हे, त्याला लायक व्हावे लागते. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे कायद्यात तो परत येणार आहे. आणि अजिंठ्याला कधी सहल काढली तर दहाव्या आणि सतराव्या लेण्यात साम जातकाची चित्रे जरूर बघा. आंधळ्या आईबापांची सेवा करणारा साम तिथे रंगवला आहे. ज्याला लोक श्रावणबाळाची गोष्ट म्हणतात, तशीच ही गोष्ट. म्हणजे हा विचार आपल्या महाराष्ट्राच्या भिंतींवर शतकानुशतके लिहिलेला आहे.

आता कायद्याकडे येतो. आईबापांच्या सांभाळाचे मुख्य तीन कायदे आपल्याकडे आहेत.

पहिला, १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा. नावात हिंदू आहे म्हणून तो आपल्याला लागू नाही असे समजू नका. बौद्ध, जैन आणि शीख यांनाही तो लागू आहे, असे त्याच्या कलम २ मध्येच लिहिले आहे. त्याचे कलम २० म्हणते की, वृद्ध किंवा अपंग आईबाप स्वतःच्या मिळकतीवर जगू शकत नसतील तर त्यांचा सांभाळ करणे मुलावर आणि मुलीवर बंधनकारक आहे. हा कायदा २१ डिसेंबर १९५६ चा. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर अवघ्या पंधरा दिवसांनी तो झाला. ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, त्याचेच तुकडे पुढे वेगवेगळे कायदे म्हणून मंजूर झाले, त्यातला हा एक.

दुसरा, फौजदारी कायदा. इंग्रजांच्या १८९८ च्या संहितेत बायको-मुलांना पोटगी होती, आईबापांना नव्हती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १२५ आले आणि त्यात आईबाप आले. आता १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, तिथे हेच कलम १४४ म्हणून आहे. ऐपत असूनही आईबापांकडे दुर्लक्ष करणाऱ्याला न्यायदंडाधिकारी दरमहा पोटगी द्यायला लावतात.

इथे एक शंका नेहमी निघते. लग्न होऊन गेलेल्या मुलीचे काय? ती तर दुसऱ्या घरची झाली! आपल्या महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली हा प्रश्न निकालात काढला. लग्न झाल्याने मुलगी ही मुलगी राहण्याची थांबत नाही. तिची ऐपत असेल तर तिच्यावरही आईबापांची जबाबदारी आहे. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. आपण मुलीला मुलाइतके शिकवा म्हणतो, मुलीला बरोबरीचा हिस्सा द्या म्हणतो. मग कर्तव्यही बरोबरीचे. आणि खरे सांगायचे तर, कायदा माहीत नसतानाही आईचे औषध गुपचूप आणून देणाऱ्या लेकीच मी जास्त पाहिल्या आहेत.

तिसरा कायदा आपल्या कामाचा सर्वांत जास्त. त्याचे नाव लांबलचक आहे, आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण कायदा, २००७. महाराष्ट्रात तो १ मार्च २००९ पासून लागू आहे. याच्या आधी हिमाचल प्रदेशाने २००१ साली आपल्यापुरता असा कायदा केला होता. परदेशातही आहेत. सिंगापूरने १९९५ साली आईबापांच्या निर्वाहाचा कायदा केला. चीनने तर २०१३ पासून, वेगळ्या राहणाऱ्या मुलांनी म्हाताऱ्या आईबापांना वरचेवर भेटायला गेले पाहिजे असे कायद्यात घातले. म्हणजे हे दुखणे जगभरचे आहे.

आता हा कायदा कसा चालतो ते सोप्या शब्दांत सांगतो.

अर्ज कोण करू शकतो? आई किंवा बाप, मग त्यांचे वय साठ नसले तरी चालते. यात दत्तक घेणारे आणि सावत्र आईबापही आले. आणि साठ वर्षांवरील कोणीही, ज्याला मूलबाळ नाही, तो ज्या नातेवाइकाकडे त्याची मालमत्ता आहे किंवा पुढे जाणार आहे त्याच्यावर अर्ज करू शकतो. अर्ज कोणावर? मुलगा, मुलगी, सज्ञान नातू, सज्ञान नात यांच्यावर. चार मुलांपैकी एकावर करा नाहीतर चौघांवर करा.

अर्ज कोठे करायचा? उपविभागीय अधिकारी, ज्यांना आपण प्रांत म्हणतो, त्यांच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे हे न्यायाधिकरण चालते. आपण राहतो त्या जिल्ह्यात किंवा मुलगा राहतो त्या जिल्ह्यात, कोठेही अर्ज चालतो. मुलगा पुण्याला आणि आई नागपूरला असेल तर आईने पुण्याला खेटे घालण्याचे कारण नाही. वकील लावण्याची गरज नाही. कायद्याने हे काम वकिलाशिवायच चालावे असे म्हटले आहे. पुढे काही उच्च न्यायालयांनी वकिलांना मुभा दिली, पण ज्याच्याजवळ वकिलाचे पैसे नाहीत त्याचे अडत नाही. समाजकल्याण खात्याचा अधिकारी निर्वाह अधिकारी म्हणून आईबापांची बाजू मांडू शकतो.

प्रांत आधी सामोपचाराने मिटते का ते पाहतात, त्यासाठी समेट अधिकारी असतो आणि त्याला एक महिना असतो. नाही मिटले तर सुनावणी. मुलाला नोटीस पोचल्यापासून नव्वद दिवसांत निकाल द्यायचा, फार तर आणखी तीस दिवस. निकाल लागेपर्यंत तात्पुरती पोटगीही मागता येते. पोटगी महिन्याला जास्तीत जास्त दहा हजार रुपये. आदेश झाल्यावर तीस दिवसांत पैसे भरायचे. नाही भरले तर तीन महिन्यांच्या आत वसुलीचा अर्ज करायचा, म्हणजे वॉरंट निघते आणि एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. आणि ज्याच्यावर सांभाळाची जबाबदारी आहे त्याने म्हाताऱ्या माणसाला कायमचे टाकून देण्याच्या हेतूने कोठे सोडले, तर तो वेगळा गुन्हा. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. निकाल पटला नाही तर साठ दिवसांत जिल्हाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्याकडे अपील.

एक खबरदारी. २००७ च्या कायद्याखाली आणि फौजदारी संहितेखाली अशी दोन्हीकडे पोटगी मागता येत नाही. एकच वाट निवडायची. माझ्या मते आपल्या लोकांना प्रांताची वाट जवळची.

आता मालमत्तेचा मुद्दा. इथे जरा थांबतो, कारण सगळे रडे इथेच असते. आपल्या माणसांजवळ काही शंभर एकर जमीन नाही. गिरणीत, रेल्वेत, नगरपालिकेत हाडे झिजवून एक खोली घेतलेली असते. फंडाचे चार पैसे असतात. मुलगा म्हणतो, "बाबा, खोली माझ्या नावावर करा, कर्ज काढायचंय." बाबा अंगठा देतात. वर्षभरात बाबांची खाट गॅलरीत येते. नंतर गॅलरीतूनही जाते.

कायद्याचे कलम २३ यासाठीच आहे. म्हाताऱ्या माणसाने, माझा सांभाळ करशील या अटीवर बक्षीसपत्राने किंवा अन्य रीतीने मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण न्यायाधिकरण रद्द करू शकते. पण अट! सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितले की, अशी अट होती हे दाखवावे लागते. मग २ जानेवारी २०२५ ला मध्य प्रदेशातील एका आईच्या प्रकरणात, मुलाने सांभाळाचे वचनपत्र लिहून दिले होते ते धरून न्यायालयाने बक्षीसपत्र रद्द ठरवले, आणि हा कायदा म्हाताऱ्यांच्या बाजूने उदारपणे वाचला पाहिजे, न्यायाधिकरण घराचा ताबाही परत देऊ शकते, असे सांगितले. सिगाल सुत्तातला तो शब्द आठवा, वारसाला लायक होणे. तेच हे.

म्हणून माझे हात जोडून सांगणे आहे. जिवंतपणी खोली नावावर करू नका. मृत्युपत्र करा, ते आपल्या माघारी लागू होते आणि मन बदलले तर बदलताही येते. करायचेच असेल तर बक्षीसपत्रात स्पष्ट लिहा की मला या घरात राहू द्यायचे, जेवण द्यायचे, औषधपाणी करायचे. पेन्शनचे पासबुक आणि एटीएम कार्ड आपल्याजवळ ठेवा. यात मुलावर अविश्वास नाही. उलट भांडणाचे कारणच राहत नाही.

आपल्या वस्तीतला आणखी एक प्रकार. सफाई कामगारांच्या वारसाला लाड-पागे समितीच्या शिफारशीप्रमाणे नोकरी लागते. कितीतरी बापांनी आणि आयांनी आपला झाडू मुलाच्या हाती दिला, त्याला कायम नोकरी दिली. नोकरी काही खोलीसारखी परत घेता येत नाही. पण नोकरीला दरमहा पगार आहे, आणि त्या पगारातून पोटगी मागता येते. आसाम सरकारने २०१७ साली कायदाच केला की, सरकारी नोकराने आईबापांना टाकले तर त्याच्या पगारातून कापून थेट आईबापांना द्यायचे. आपल्याकडे लातूर जिल्हा परिषदेने आपल्या कर्मचाऱ्यांबाबत तीस टक्के पगारकपातीचा ठराव केल्याच्या बातम्या २०२१ साली आल्या होत्या. आपल्या मुलाच्या हाताला काम आहे ते कोणाच्या पाठीच्या कण्यावर, हे त्या मुलाने विसरू नये.

इतके सांगून कायद्याची दुसरी बाजू सांगितली नाही तर ते एकतर्फी होईल.

पहिली गोष्ट सुनांची. घरात वाद झाला की सारे खापर सुनेवर फुटते. पण या कायद्यात सून किंवा जावई यांच्यावर पोटगीची जबाबदारी नाही. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आले होते, त्यात सून-जावई घालायचे आणि दहा हजारांची मर्यादा काढायची असे होते. ते मंजूर झाले नाही आणि २०२४ साली लोकसभेबरोबर संपले. आणि हेही पाहिले आहे की मुलगा-सुनेचे पटत नाही म्हणून सासू-सासऱ्यांना पुढे करून सुनेला बाहेर काढण्यासाठी हा कायदा वापरला जातो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितले की, कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याने सुनेला सासरच्या घरात राहण्याचा जो हक्क दिला आहे, तो असा मागच्या दाराने बुडवता येणार नाही. म्हातारीला न्याय द्यायचा म्हणून तरुण बाईवर अन्याय, हा काही न्याय नव्हे. दिवसभर चार घरची धुणीभांडी करून येणाऱ्या सुनेने सासूचे अंथरूण बदलायचे आणि मुलाने टीव्ही बघायचा, याला सांभाळ म्हणत नाहीत. आईबाप कोणाचे? मुलाचे. मग आधी हात मुलाचा लागला पाहिजे.

दुसरी गोष्ट गरिबीची. ज्या मुलाला ठेकेदार महिन्याला बारा हजार देतो, दोन लेकरे शाळेत आहेत, भाडे आहे, त्याने द्यायचे कोठून? प्रांतासमोर एक म्हातारी मुलाविरुद्ध उभी होती आणि मुलाने खिसा उलटा करून दाखवला, तेव्हा तीच म्हणाली, "राहू द्या साहेब, त्याला तरी कुठं आहे?" अशा वेळी जबाबदारी सरकारची आहे. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली तयार झालेल्या घटनेच्या मसुद्यातून आलेले कलम ४१ म्हणते की, म्हातारपणात, आजारपणात राज्याने आपल्या कुवतीप्रमाणे साहाय्य द्यावे. आता २००७ च्या कायद्याची भाषा बघा. मुलांच्या बाबतीत बंधन आहे. पण प्रत्येक जिल्ह्यात दीडशे निराधारांसाठी एक वृद्धाश्रम काढण्याची गोष्ट आली की तिथे सरकार "काढू शकेल" अशी भाषा आहे. मुलाला "दिलेच पाहिजे", सरकारला "जमले तर". हे आपण मागायला हवे, मोर्चा काढून मागायला हवे.

तोवर जे आहे ते तरी घ्या. पासष्ट वर्षांवरील गरीब माणसाला श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत दरमहा दीड हजार रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात करायचा. दीड हजारांत महिना निघत नाही, हे मलाही कळते, पण बी.पी.च्या गोळ्या निघतात आणि मुलासमोर हात पसरावा लागत नाही. तसेच म्हाताऱ्यांसाठी १४५६७ हा मदतीचा फोन क्रमांक देशभर आहे, पैसे पडत नाहीत. तो क्रमांक विहाराच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो विहाराला उद्देशून. कायद्यात एक सोय आहे जी फार थोड्यांना माहीत आहे. म्हातारे माणूस स्वतः अर्ज करू शकत नसेल तर त्याने अधिकार दिलेली कोणतीही व्यक्ती किंवा नोंदणीकृत संस्था त्याच्यासाठी अर्ज करू शकते. आपले मंडळ नोंदणीकृत आहे. मग दर पौर्णिमेला वंदना झाल्यावर एक तास, एक टेबल, दोन शिकलेली पोरे. अर्ज लिहून द्यायचा, वयाचा दाखला, मुलाचा पत्ता, नोकरीचे ठिकाण जोडायचे. त्याआधी मुलाला विहारात बोलावून चार शहाण्या माणसांनी समजावायचे. दहातली निम्मी भांडणे तिथेच मिटतील असे मला अनुभवावरून वाटते, कारण पुष्कळदा मुलगा वाईट नसतो, त्याला कोणी नीट विचारलेले नसते एवढेच. मात्र समजावताना म्हातारीलाच "तूच जरा सोस" म्हणून परत पाठवू नका. ते सर्वांत सोपे असते आणि सर्वांत वाईट असते.

आजी-आजोबांनो, तुम्हाला सांगतो, अर्ज केल्याने घराण्याची अब्रू जात नाही. अब्रू जाते ती आईबाप उपाशी राहिले म्हणून. तुम्ही पोटाला चिमटा घेऊन आम्हाला शिकवले, म्हणून आज आम्ही खुर्चीवर बसून हे कायदे वाचू शकलो. तुम्ही भीक मागत नाही, हक्क मागता आहात.

आणि तरुणांनो, कायदा फक्त पोटगी देऊ शकतो. दहा हजारांचा आदेश काढता येतो, पण "आई, जेवलीस का?" हे विचारायचा आदेश कोणत्याही प्रांताला काढता येत नाही. ते तुमचे तुम्हालाच करायचे आहे. आज कार्यक्रमानंतर खीरदान आहे. आधी आईबापांना वाढा, मग आपण बसा.



जय भीम! जय भारत!